शिखराविना चर्च: पाळक एस्ब्यॉर्न आणि अँडोव्हरची मंडळी, १८४९ ते १८५६

३ डिसेंबर १८५४, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, अँडोव्हर नावाच्या खेड्यात, स्वीडिश लोकांच्या एका विटांच्या चर्चचं त्या दिवशी समर्पण झालं. रुंदी तीस फूट, लांबी पंचेचाळीस. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालयही याहून मोठं असतं. आराखड्यात शिखर होतं, पण ते चढलं नाही. शिखरासाठीचं लाकूड पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेलेल्या माणसांच्या शवपेट्यांना लागलं होतं.

या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते लार्स पॉल एस्ब्यॉर्न. अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ माळावर, म्हणजे प्रेअरीवर, स्वीडिश ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाची) मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय, उभी करणारे पहिले दीक्षित पाळक. अशा माणसाचं आयुष्य सांगायचं म्हटलं की बर्फ, लांडगे, घोड्यावरचा प्रवास, लाकडी खोपट अशी चित्रं पुढे येतात. ती खोटी नाहीत. पण अँडोव्हरची ही सहा-सात वर्षं नीट पाहिली की एक साधा प्रश्न सतत आडवा येतो. पाळकाचं पोट कोण भरणार? आणि जो भरेल, तो बदल्यात काय मागेल? मला हे प्रकरण मांडावंसं वाटलं ते या प्रश्नासाठी.

मागे सोडलेला देश

एस्ब्यॉर्न १८०८ साली हेल्सिंगलांड प्रांतातल्या डेल्सबू गावी जन्मले, उप्सालाला शिकले, १८३२ मध्ये त्यांची दीक्षा झाली. सुरुवातीला ऑस्टरवोला या गावी सहायक पाळक होते. नंतर येव्ले शहराजवळच्या एका लोखंड कारखान्याच्या वसाहतीत पाळक आणि शाळामास्तर अशी दुहेरी नोकरी त्यांनी केली.

तेव्हाच्या स्वीडनमध्ये चर्च सरकारी होतं. गावात जन्मलेलं मूल आपोआप मंडळीचं सभासद. पाळकाला राहायला घर, कसायला जमीन, आणि बलुत्यासारखा धान्यातला वाटा. लोकांना आवडो न आवडो, तो द्यावाच लागे. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी पाळकाकडे. गाव सोडायचं तर त्याचा दाखला हवा. वर्षातून एकदा तो घरोघर परीक्षा घ्यायचा. मालकापासून गड्यापर्यंत सगळ्यांना एका खोलीत बसवून ल्यूथरची प्रश्नोत्तरावली म्हणायला लावायची, वाचता येतं का पाहायचं आणि कोणाचं कितपत पाठ आहे ते वहीत खुणा करून लिहायचं. या वह्या आजही स्वीडनच्या दप्तरखान्यांत आहेत आणि घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना त्या सोन्यासारख्या वाटतात. ही परीक्षा पाठांतराची होती. ‘तुझ्या मनात देवाविषयी नेमकं काय आहे’ असं त्या खोलीत कोणी विचारत नसे. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

एस्ब्यॉर्न या व्यवस्थेत वाढले, पण तिच्यात पुरते रमले नाहीत. स्टॉकहोममध्ये जॉर्ज स्कॉट नावाचे स्कॉटिश उपदेशक होते, मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्या जागृतीच्या, म्हणजे अंतःकरणातल्या विश्वासावर भर देणाऱ्या, चळवळीचा एस्ब्यॉर्न यांच्यावर गाढ परिणाम झाला. घराघरांत दारू गाळली जाई त्या काळात त्यांनी दारूबंदीचा प्रचार केला आणि त्यापायी विरोध ओढवून घेतला. पाळकाविना घरगुती प्रार्थनासभा भरवायला १७२६च्या कायद्याने बंदी होती. तो कायदा १८५८ पर्यंत टिकला. धर्म मनापासून जगू पाहणाऱ्या माणसाला तिथे कोंडल्यासारखं होई.

दुसरीकडे त्यांच्याच हेल्सिंगलांडात एरिक यान्सोन नावाच्या शेतकरी उपदेशकाने १८४४ मध्ये ल्यूथरन भक्तिपुस्तकांच्या जाहीर होळ्या केल्या. १८४६ पासून तो शेकडो अनुयायांसह इलिनॉयला गेला आणि बिशप हिल ही वसाहत त्याने वसवली. त्याच्या मागोमाग इतर स्वीडिश लोकही त्या बाजूला जाऊ लागले. त्यांना ना पाळक होता, ना प्रभुभोजनाचा विधी. आपली माणसं तिकडे वाऱ्यावर आहेत, ही जाणीव एस्ब्यॉर्न यांना स्वस्थ बसू देईना. १८४९च्या उन्हाळ्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, पत्नी अमालिया आणि मुलाबाळांसह ते येव्ले बंदरातून ‘कॉब्डेन’ जहाजावर चढले. बरोबर दीडशेच्या आतबाहेर माणसं होती.

वाटेतच पांगलेला कळप

प्रवासाने घर पोखरलं. वाटेत मूल दगावलं. न्यूयॉर्कपासून हडसन नदी, ईरी कालवा, मोठी सरोवरं आणि शिकागो असा तो रस्ता होता. शिकागोपासून नुकताच, १८४८ मध्ये, सुरू झालेला कालवा पेरू गावापर्यंत नेई, आणि तिथून पुढे बैलगाडी किंवा घोडागाडी. १८४९ हे अमेरिकेतही पटकीचं वर्ष. शिकागोत एस्ब्यॉर्न स्वतः आजारी पडले आणि मागे राहिले. लोक पुढे गेले.

मधल्या थोड्या दिवसांत जे झालं त्याची किंमत त्यांना पुढे कैक वर्षं मोजावी लागली. न्यूयॉर्क बंदरात ओलोफ हेडस्ट्रॉम नावाचे स्वीडिश मेथडिस्ट उपदेशक ‘बेथेल जहाजा’वर, म्हणजे धक्क्याला बांधलेल्या जहाजातल्या प्रार्थनास्थळात, उतरणाऱ्या प्रत्येक स्वीडिश कुटुंबाला भेटत, मदत करत आणि ‘इलिनॉयला जा, तिथे माझा भाऊ आहे’ असं सांगत. भाऊ योनास हेडस्ट्रॉम अँडोव्हरपासून फार लांब नसलेल्या व्हिक्टोरिया गावी होता. लोहार आणि उपदेशक. १८४६ मध्येच त्याने तिथे स्वीडिश मेथडिस्ट मंडळी स्थापली होती. एस्ब्यॉर्न अँडोव्हरला पोचेपर्यंत त्यांच्या बरोबरच्या माणसांतली काही योनासच्या बाजूला वळली होती.

योनास हेडस्ट्रॉमला वाईट ठरवण्यात अर्थ नाही. तो कष्टाळू होता, लोकांच्या भाषेत बोलत होता आणि त्यांच्याआधी तिथे होता. शिवाय ऐरणीवर पोट भरत असल्यामुळे उपदेशाचे पैसे मागायची त्याला गरज नव्हती. एस्ब्यॉर्न यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी होती, दीक्षा होती, आणि हाताला धंदा नव्हता. माळावर हा फरक फार मोठा ठरला.

अँडोव्हर हे नाव मॅसॅच्युसेट्समधल्या गावावरून आलेलं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, काही लोकांनी १८३५च्या सुमारास जमीन घेऊन, आराखडा काढून ते वसवायला घेतलं होतं. कागदावर चौक आणि रस्ते होते. प्रत्यक्षात मोजकी घरं, आणि चोहीकडे पुरुषभर उंचीचं गवत. जमीन काळीभोर, जगातल्या उत्तम जमिनींपैकी एक. पण शतकानुशतकांच्या गवताच्या मुळांनी ती चामड्यासारखी विणलेली, आणि ओल्या वेळी नांगराला इतकी चिकटे की दर थोड्या पावलांवर फाळ खरवडावा लागे. आपल्या रेगुर जमिनीत नांगर धरलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. माती न धरणारा गुळगुळीत पोलादी नांगर बनवणारा जॉन डीअर १८४८ मध्ये इथून जवळच मोलीनला कारखाना घेऊन आला, तो या जमिनीच्या गिऱ्हाइकांसाठीच. झाडं फक्त ओढ्या-नद्यांच्या काठाने. म्हणून लाकूड महाग. ओढ्याच्या दलदलीतून हिवताप येई. नवा माणूस पहिल्याच हंगामात थरथरत अंथरूण धरी. अशी माणसं पाळकाला काय देणार? प्रवासातच त्यांची पुंजी संपलेली होती. कोणी दुसऱ्याच्या शेतात मजुरी करत होतं, कोणी भाड्याच्या एका खोलीत दोन-तीन कुटुंबं मिळून राहत होतं.

तीनशे डॉलर आणि एक अट

त्या पहिल्याच हिवाळ्यात एस्ब्यॉर्न यांनी जो निर्णय घेतला तो या प्रकरणाचा गाभा आहे.

जवळपास स्वीडिश ल्यूथरन संस्था नव्हती. स्वीडनच्या सरकारी चर्चला परदेशी गेलेल्यांचं ओझं नको होतं. मदत देऊ शकणारी एकच खिडकी उघडी दिसली: ‘अमेरिकन होम मिशनरी सोसायटी’. न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथांच्या लोकांनी १८२६ मध्ये स्थापलेली, पश्चिमेकडच्या वस्त्यांत उपदेशक पोसणारी संस्था. एस्ब्यॉर्न यांनी अर्ज केला. जवळच्या गेल्सबर्ग गावच्या काँग्रिगेशनल पाळकांसमोर त्यांची तपासणी झाली, आणि वर्षाला तीनशे डॉलर मंजूर झाले. उरलेलं मंडळीने उभं करायचं.

ते ल्यूथरनच राहिले. तशी मोकळीक त्यांना मिळाली होती. पण त्या काँग्रिगेशनल पाळकांचा एक आग्रह होता. मंडळीत सरसकट सगळ्यांना घ्यायचं नाही. ज्याच्या अंतःकरणात खरोखर पालट झाला आहे, जो तो अनुभव सांगू शकतो, त्यालाच सभासद करायचं.

आता ती स्वीडनची घरोघरची परीक्षा आठवा. हीच माणसं आयुष्यभर दरवर्षी पाळकासमोर बसली होती. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना धडाधड म्हणत होती. बाप्तिस्म्याने आपण मंडळीचेच आहोत, हे त्यांनी कधी तपासून पाहिलंच नव्हतं. जन्मगाव जसं आपलं, तशी मंडळी आपली. आणि आता, अमेरिकेच्या माळावर, तोच आपला पाळक, तोच काळा झगा, तीच भाषा, पण प्रश्न निराळा: तुझा आत्मा कुठे उभा आहे? शेतात राबणाऱ्या अबोल माणसाने याला काय उत्तर द्यायचं? मला वाटतं, अनेकांना तो प्रश्न कळलाही नसेल. ज्यांना कळला त्यांतल्या काहींना तो अपमान वाटला असेल.

१८ मार्च १८५० रोजी अँडोव्हरची ल्यूथरन मंडळी स्थापन झाली. सभासद दहा. त्यांत पाळक आणि त्यांची पत्नी हे दोघे आले. दीडशे माणसांच्या जहाजातून आलेल्या, आसपास शेकडो स्वीडिश असलेल्या प्रदेशात दहा.

एस्ब्यॉर्न यांनी पैशासाठी तत्त्व विकलं, असा सोपा निवाडा करता येईल. मी तो करणार नाही. ते स्वतः जागृतीच्या परंपरेतले होते. नुसत्या नावाच्या ख्रिस्तीपणाचा त्यांना स्वीडनमध्येच वीट आला होता. खऱ्या विश्वासणाऱ्यांची मंडळी असावी हे त्यांचंही स्वप्न होतं, त्यामुळे ती अट त्यांना सुरुवातीला जाचक वाटली नसावी. अडचण मागाहून उघडी पडली. आत घेताना इतकी चाळणी लावायची असेल आणि फक्त अनुभवाचंच माप धरायचं असेल, तर लोहार हेडस्ट्रॉमच्या सभेत तो अनुभव जास्त जोशात, जास्त गाण्यांसह मिळत होता. ल्यूथरन का राहायचं, याचं उत्तर एस्ब्यॉर्न यांना आता नव्याने शोधावं लागलं. ते त्यांनी शोधलंही. १८५१ मध्ये उत्तर इलिनॉयची ल्यूथरन सिनड, म्हणजे मंडळ्यांचा संघ, स्थापन होत असताना, इतर सदस्य मूळ विश्वासग्रंथांबाबत सैल भूमिका घेत होते. तेव्हा आपण आणि आपली मंडळी आउग्सबुर्गच्या कबुलीला, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ श्रद्धापत्राला, पूर्ण बांधील आहोत, ही नोंद त्यांनी आग्रहाने करून घेतली. स्वीडनमध्ये मेथडिस्टांकडे झुकलेला हा माणूस माळावर येऊन अधिक ल्यूथरन झाला.

इथे एक आठवण आपल्या बाजूची. मुंबईत १८१३ पासून आणि अहमदनगरला १८३१ पासून काम करणारं अमेरिकन मराठी मिशन याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांच्या वर्गणीवर चालत होतं. संस्था वेगळी, पण देणारी माणसं त्याच मुशीतली. मिशनच्या पगारावर जगणारा देशी पाळक किती मोकळा, हा प्रश्न आपल्याकडेही दीर्घकाळ धुमसत राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागची तगमग मराठी वाचकाला ठाऊक आहे. अँडोव्हरची गोष्ट वाचताना मला पुन्हा पुन्हा टिळक आठवले ते यामुळे.

आठवडा कसा जायचा

तीनशे डॉलरमध्ये घर चालत नव्हतं, आणि काम एका गावाचं नव्हतं. अँडोव्हर, गेल्सबर्ग, मोलीन, रॉक आयलंड, पुढे इलिनॉयमधलंच प्रिन्स्टन, जिथे दहा स्वीडिश घरं तिथे जायचं. गेल्सबर्ग एका बाजूला दिवसभराच्या वाटेवर, मोलीन दुसऱ्या बाजूला तितकंच. रस्ता म्हणजे गवतातून गेलेली चाकोरी. पावसात ती चिखलात बुडे, हिवाळ्यात बर्फाखाली नाहीशी होई. उपासना कोणाच्या तरी खोलीत किंवा शाळेत. मुलांचा बाप्तिस्मा, लग्न, आणि त्या वर्षांत सगळ्यांत जास्त दफनविधी. त्याखेरीज पत्रं. स्वीडनमधल्या नातेवाइकांना मृत्यूची बातमी कळवायची, नव्याने आलेल्यांना जमीन आणि काम यांविषयी सांगायचं, इंग्रजी कागद समजावून द्यायचे. पाळक हाच दुभाषा आणि हाच लेखनिक.

भोवती स्पर्धा चालूच होती. १३ मे १८५० रोजी, अँडोव्हरची मंडळी स्थापन होऊन दोन महिनेही झाले नसताना, बिशप हिलचा यान्सोन जवळच्या केंब्रिज गावच्या न्यायालयात गोळी लागून मेला. त्याचे अनुयायी दिशाहीन झाले. त्याच सुमारास एस्ब्यॉर्न यांनी मदतीला म्हणून गुस्ताफ पाल्मक्विस्ट या शिक्षक मित्राची वाट पाहिली. पाल्मक्विस्ट १८५१ मध्ये आला आणि १८५२ मध्ये बॅप्टिस्ट या वेगळ्या पंथात गेला. मग रॉक आयलंडला त्याने स्वीडिश बॅप्टिस्ट मंडळीच उभी केली. ज्याच्या खांद्यावर अर्धा भार टाकायचा तोच समोर जाऊन उभा राहिला. एस्ब्यॉर्न यांना हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पना करवत नाही.

१८५२ मध्ये तुवे हासेल्क्विस्ट हे तरुण पाळक गेल्सबर्गला आले, तेव्हा कुठे एस्ब्यॉर्न यांना सोबती मिळाला. पण त्याच वर्षी अमालिया गेली. समुद्रापलीकडे नवऱ्याच्या ध्यासामागे आलेली, दहा संस्थापक सभासदांतली एक. प्रेअरीवरच्या पाळकाच्या चरित्रात त्याच्या बायकोला एखादं वाक्य मिळतं. तिने आजारी माणसं घरात ठेवून घेतली, तुटपुंज्या पैशात मुलं वाढवली, नवरा आठवडाभर बाहेर असताना गवताच्या त्या समुद्रात एकटीने रात्री काढल्या. तिच्याविषयी याहून जास्त लिहायला हवं होतं. एस्ब्यॉर्न यांनी पुढे आणखी दोन लग्नं केली. लहान मुलं पदरात असलेल्या विधुर पाळकाला तिथे दुसरा मार्गही नव्हता.

झोळी घेऊन पूर्वेकडे

चर्च हवं होतं. दुसऱ्याच्या खोलीत भरणारी मंडळी दुसऱ्याच्या मर्जीवर राहते, आणि मेथडिस्टांकडे जागा होती. पण दहा-वीस कंगाल कुटुंबं विटा कुठून आणणार? १८५१च्या वसंतात एस्ब्यॉर्न पूर्वेकडच्या शहरांत वर्गणी मागायला निघाले. जवळजवळ अकरा आठवडे ते ओहायो, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन असे फिरले. पिट्सबर्गचे ल्यूथरन पाळक विल्यम पासावंट यांनी त्यांच्यासाठी दारं उघडली.

मोडक्या इंग्रजीत, अनोळखी चर्चमध्ये उभं राहून ‘माझ्या लोकांना उपासनेला छप्पर नाही’ असं रोज सांगणं सोपं नसतं. तेव्हाच्या स्वीडनमध्ये पाळकाला मागावं लागत नसे, त्याचं त्याला येईच. इथे त्याच घडणीच्या माणसाला हात पसरावा लागत होता. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेल्या पिढीने त्यातली लाज आणि त्यातलं बळ, दोन्ही लिहून ठेवलं आहे.

बॉस्टनला त्यांची गाठ जेनी लिंडशी पडली. ‘स्वीडिश बुलबुल’ म्हणून युरोप गाजवलेली ही गायिका १८५०च्या सप्टेंबरपासून अमेरिकेत दौऱ्यावर होती. तिच्या मैफलींच्या तिकिटांचे लिलाव होत, बंदरावर हजारोंची गर्दी लोटे. तिने आपल्या देशबांधवांच्या चर्चसाठी पंधराशे डॉलर दिले. सगळ्या दौऱ्याची जमा बावीसशेच्या घरात. म्हणजे दोन तृतीयांश एकट्या तिचे. पाळकाच्या वर्षाच्या अनुदानाच्या पाचपट रक्कम एका भेटीत मिळाली. मिशनरी सोसायटीच्या पैशासारखी या पैशाला अट नव्हती. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, याविषयी गायिकेने काही विचारलं नाही. अँडोव्हरचं ते चर्च आजही ‘जेनी लिंड चॅपल’ म्हणून ओळखलं जातं.

विटा, फळ्या, पेट्या

पैसे आले तरी बांधकामाला तीन वर्षं लागली. लाकडाचा तुटवडा, म्हणून भिंती विटांच्या. आधी तळघर झालं आणि त्याचा वापर लगेच सुरू झाला, कारण माणसं थांबत नव्हती. दर उन्हाळ्यात नव्या जहाजांनी आलेले स्वीडिश लोक कालव्याने, नदीने आणि १८५४ नंतर शिकागो ते रॉक आयलंड आगगाडीने येत राहिले. बरोबर पटकीही येत राहिली. राहायला जागा नसलेल्या, आजारी पडलेल्या नवागतांचा दवाखाना म्हणजे हेच अर्धवट चर्चचं तळघर.

पटकी पाण्यातून पसरते हे तेव्हा फारसं कोणाला माहीत नव्हतं. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप जॉन स्नो यांनी बंद करायला लावला तो १८५४च्या सप्टेंबरात. अँडोव्हरच्या चर्चचं समर्पण झालं त्याच वर्षी. इथल्या लोकांना एवढंच कळत होतं की सकाळी कामाला गेलेला धडधाकट माणूस दुपारी जुलाब-वांत्यांनी सुकून जातो आणि रात्रीपर्यंत त्याला मातीत ठेवावं लागतं. जास्त वेळ घरात ठेवायची भीती. म्हणून पेटी लगेच हवी.

गावात तयार फळ्यांचा एकच साठा होता, चर्चच्या आवारातला. शिखरासाठी सांभाळलेलं लाकूड. प्रौढ माणसाच्या पेटीला सहा फुटांच्या फळ्या लागतात, पोराच्या पेटीला त्याच्या निम्म्या. एका लांब वाशातून दोन पेट्यांच्या बाजू निघतात. तो पहिला वासा करवतीखाली घातला तेव्हा पाळकाला विचारलं असेल का? मला वाटतं विचारलं असेल, आणि त्यांनी मान हलवली असेल. ज्या लाकडासाठी त्यांनी अकरा आठवडे दारोदार हात पसरले होते, ते त्यांच्याच माणसांबरोबर जमिनीत गेलं. दफनाच्या वेळी शब्द म्हणणारेही तेच.

शिखर नसल्याची कमतरता मंडळीने नंतर घाईने भरून काढली नाही. इमारत लवकरच अपुरी पडली आणि लोकांनी मोठं चर्च बांधलं. पण जुनं पाडलं नाही.

पुढचं थोडक्यात

१८५६ मध्ये एस्ब्यॉर्न प्रिन्स्टनला गेले. अँडोव्हरच्या त्या दहा सभासदांच्या मंडळीतून तोवर भोवतालच्या गावांत मंडळ्या फुटल्या होत्या. हासेल्क्विस्ट आणि शिकागोत १८५३ मध्ये आलेले एर्लांड कार्लसोन हे सोबतीला होते. नवे लोक आले की त्यांना बाहेर उभं ठेवून अनुभवाची साक्ष मागणं हळूहळू मागे पडत गेलं. स्वीडनहून आणलेला पाळकाचा दाखला आणि प्रश्नोत्तरावलीचं ज्ञान यांना पुन्हा महत्त्व आलं. जी सवय मोडायचा प्रयत्न झाला तिच्यातच मंडळी वाढली.

१८५८ मध्ये ते इलिनॉयमधल्याच स्प्रिंगफिल्डच्या विद्यापीठात स्कँडिनेव्हियन विद्यार्थ्यांसाठीचे प्राध्यापक झाले. तिथेही तोच पेच समोर आला. संस्था अमेरिकन ल्यूथरनांची, मतं सैल, आणि सांभाळून घेण्याची अपेक्षा. या वेळी त्यांनी सांभाळून घेतलं नाही. १८६०च्या वसंतात राजीनामा दिला. विद्यार्थी त्यांच्या मागोमाग शिकागोला आले. ५ जून १८६० रोजी विस्कॉन्सिनमध्ये जेफर्सन प्रेअरी इथे स्वीडिश आणि नॉर्वेजियन मंडळ्यांची स्वतंत्र ऑगस्टाना सिनड स्थापन झाली आणि तिच्या पाठशाळेचे पहिले प्रमुख एस्ब्यॉर्न झाले. दहा वर्षांपूर्वी तीनशे डॉलरसाठी ते परक्या पाळकांसमोर तपासणीला उभे राहिले होते. आता स्वतःच्या मंडळ्यांनी पोसलेली स्वतःची संस्था होती. माझ्या मते त्यांच्या अमेरिकेतल्या सगळ्या वर्षांचा खरा निकाल हा आहे. चर्चची इमारत त्याच्या तुलनेत लहान गोष्ट.

नव्या पाठशाळेसाठी मदत मिळवायला ते स्वीडनला गेले. राजा पंधरावा कार्ल याने आपल्या ग्रंथसंग्रहातून सुमारे पाच हजार पुस्तकं दिली. त्या खेपेला एस्ब्यॉर्न यांना आपला देश पुन्हा दिसला. १८६३ मध्ये त्यांनी अमेरिका कायमची सोडली आणि ऑस्टरवोलाचे पाळक झाले. तरुणपणी ज्या गावात सहायक होते, तेच गाव. सरकारी पगार, पाळकाचं घर, घरोघरची परीक्षा, नोंदींच्या वह्या. त्यांचे काही जुने सहकारी यावर दुखावले. मला मात्र पंचावन्न वर्षांचा, दोन बायका आणि लेकरं परदेशच्या मातीत ठेवून आलेला, थकलेला माणूस दिसतो. त्याला यापुढे कोणाकडे काही मागायचं नव्हतं.

१८७० मध्ये ते ऑस्टरवोलाला वारले. अमालिया अँडोव्हरलाच आहे. शिखराच्या लाकडाच्या पेट्यांत गेलेली माणसंही तिथेच आहेत.